जिनाच्या बंगल्यातली बत्ती

घरातलं माणूस बाहेरगावी असलं की आमच्याकडे त्याची भाकरी करून दुरडीखाली झाकून ठेवायची रीत होती. त्याच्या नावानं लावलेला दिवाही आपण होऊन मालवायचा नाही. तेल संपून आपोआप गेला तर गेला. हे मला कुणी शिकवलं नाही. सासूला करताना बघितलं आणि मीही करू लागले. का करायचं, असं विचारलं नाही. मी तशी प्रश्न विचारणारी होते, पण कुठे विचारायचे नाहीत हे सासरी लवकर कळतं.

माझं माहेर वऱ्हाडात, पैनगंगेच्या पलीकडे. तिकडे इंग्रजांचा अंमल होता आणि गावात चौथीपर्यंत मराठी शाळा होती, म्हणून मला लिहिता येतं. सासर नदीच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात, हिंगोलीहून नरसीला जाणाऱ्या वाटेवर. घरात सासू होती, लग्नानंतर वर्षभरात कपाळ पांढरं करून परत आलेली नणंद होती, आणि माझा नवरा. लेकरू झालं नव्हतं. चार एकर हलकं रान होतं ते बटईनं दिलेलं, कारण नवरा शेतकरी नव्हताच. ते हिंगोलीबाहेरच्या एका जिनात इंजनवाले होते. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या त्या कारखान्याला आम्ही सगळे जीन म्हणायचो, आणि त्याची सगळी यंत्रं एका तेलाच्या इंजनावर फिरायची. ते इंजन माझ्या नवऱ्याच्या ताब्यात होतं. खरं सांगायचं तर नवराच त्याच्या ताब्यात होता.

बायकोचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही, इंजनाचं रोज केलं. आज कसा आवाज होता, पट्टा कसा बसला, चाक कसं एका हिसक्यात फिरलं. मी भाकरी थापताना ऐकायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "त्या इंजनाला एक लुगडं तरी नेसवा." ते म्हणाले, "त्याला तेल लागतं, लुगडं न्हाई." हसले नाहीत. त्यांना थट्टा कळायची नाही, की कळायची आणि दाखवायचे नाहीत, हे सात वर्षांत मला ठरवता आलं नाही.

तेव्हा आमच्या भागात बिजली नव्हती. जिनात होती, कारण इंजन चालू असलं की त्याच्याबरोबर एक डायनामोही फिरायचा. पण मॅनेजरच्या बंगल्यात इंजन बंद असतानाही उजेड लागायचा, म्हणून बंगल्याच्या मागं एक खोली बांधलेली होती. एकदा मॅनेजर हैदराबादला गेलेले असताना नवऱ्यानं मला ती खोली दाखवायला नेलं. दोन लांब फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. आत तेजाबाचं पाणी आणि त्यात उभ्या बुडवलेल्या शिशाच्या पाट्या. दिवसा इंजन फिरलं की या बरण्या बिजली पिऊन घेतात आणि नंतर लागेल तशी परत देतात, असं त्यांनी सांगितलं.

"लोणच्याच्या बरण्या दिसतात," मी म्हणाले.

"तसंच हाय ते. लोणच्यावरचं तेल कमी झालं की बुरशी धरते. इथं पाणी कमी झालं की पाटी मरते. बोटभर पाणी कायम वर पाहिजे. पाटी उघडी पडली म्हंजे समज, मालकाचं ध्यान न्हाई."

मग बंगल्याच्या बैठकीत नेऊन त्यांनी मला भिंतीवरचं काळं बटण दाबायला लावलं. छतातून लोंबणारा काचेचा गोळा पेटला. पुन्हा दाबायला लावलं. गेला. "बघितलं?" "बघितलं." "चल मग." आमच्या संसारात आम्ही दोघं मिळून कुठे फिरायला गेलो असू तर एवढंच.

त्या बरण्यांना विहिरीचं पाणी चालायचं नाही. आमच्या विहिरी खाऱ्या, ते पाणी घातलं तर पाट्या वर्षात संपल्या असत्या. हैदराबादहून रेल्वेनं खास पाणी यायचं, पण कधी यायचं, कधी नाही. म्हणून नवऱ्यानं आपल्या आईला कामाला लावलं होतं. पावसाळ्यात सासू अंगणात चार खुंट्यांना पांढरं धुतलेलं धोतर ताणून बांधायची, मधोमध एक गुळगुळीत गोटा ठेवायची, आणि त्याच्या खाली चिनी मातीची बरणी. पाणी गोट्याच्या जागी जमून थेट बरणीत गळायचं. पत्र्यावरचं नको, मातीच्या मडक्यातलं नको, असं लेकानं सांगितलं होतं आणि तिनं ते देवाचं सोवळं पाळावं तसं पाळलं. आम्हाला त्या बरणीला हात लावायची बंदी होती. दर आठ दिवसांनी ते त्यातलं पाणी घेऊन जायचे. "जिनाची बिजली माझ्या पाण्यावर चालून राहिली," असं ती गावात सगळ्यांना सांगायची. लोक हसायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

अठ्ठेचाळीस साली गडबड वाढली. कोण कुणाला कशासाठी मारत होतं हे पुढे पुष्कळांनी लिहिलं आहे, मला त्यातलं फार कळत नव्हतं. मला एवढं दिसत होतं की वाटेनं माणसं जायची आणि त्यातली काही परत यायची नाहीत. वैशाखात मॅनेजर बायकापोरांना घेऊन निघून गेले. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, काम करणाऱ्या बाया आधीच गेल्या होत्या. ज्येष्ठात आमच्या गावातल्या शहाण्या माणसांनी ठरवलं की बायकांना नदीपलीकडे पोचवावं. आम्हा तिघींना माझ्या माहेरी जायचं होतं. नवऱ्यानं यायला नकार दिला.

"म्यानेजर किल्ल्या माझ्यापाशी देऊन गेलेत," ते म्हणाले. "बरण्या आठ दिवसाला पाणी मागतात."

"आन् आमी काय मागतो?" मी विचारलं.

"आठ दिवसांत येतो," एवढंच म्हणाले. बैलगाडी हलली तेव्हा सासू आणि नणंद मागं वळून बघत होत्या. मी बघितलं नाही. मला त्यांचा राग आला होता. अजूनही येतो.

साखरा गावाच्या अंगानं जाऊन आम्ही पैनगंगा ओलांडली. माहेरी चार महिने काढले. आठ दिवस गेले, पंधरा गेले, पोळा गेला. ते आले नाहीत, कुणाबरोबर निरोपही आला नाही. सासूनं माझ्या भावाच्या अंगणात धोतर ताणलं आणि बरणी भरून घेतली. माझ्या वहिनीला ते आवडलं नाही, धुणं वाळत घालायची जागा गेली म्हणून. पण सासूच्या तोंडाकडे बघून तिनं धुणं परसात नेलं.

दसरा झाल्यावर, निजामाचं राज्य गेलं आणि वाटा मोकळ्या झाल्या असं ऐकून, आम्ही परत आलो. घराचं दार कुणीतरी काढून नेलं होतं. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त ते नव्हते. गावात विचारलं. एकानं सांगितलं, वाशिमच्या छावणीत त्यांना बघितलं. दुसऱ्यानं सांगितलं, वारंगा फाट्यावर लॉरीत बसताना बघितलं. तिसरा काही बोलला नाही, खाली बघत राहिला. मला तोच खरं बोलल्यासारखा वाटला. मी रडले नाही. गावच्या बायकांना त्याचं फार नवल वाटलं आणि त्यांनी ते आपसात बोलूनही दाखवलं. मला रडू येत नव्हतं. हात दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे काम करत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

सासूनं मात्र जेवण सोडलं. सोडलं असं ती म्हणत नव्हती. रोज चार भाकऱ्या करायला लावायची, एक लेकाची म्हणून दुरडीखाली ठेवायची, आणि स्वतः वाटीभर ताक पिऊन उठायची. "भूक न्हाई माय." सकाळी दुरडीखालची भाकरी गाईला जायची. पंधरा दिवसांत तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नवरा आहे की गेला हे मला कळत नव्हतं, पण सासू चालली आहे हे डोळ्यांना दिसत होतं. ती जगावी एवढीच एक इच्छा माझ्यात शिल्लक होती. ती काही फार मायाळू बाई नव्हती, माझ्याशी तर नाहीच. पण त्या घरात त्यांच्याबद्दल माझ्याइतकं कमी बोलणारी आणि माझ्याइतकी वाट बघणारी तीच होती.

"तुमी दोघी जिनात जाऊन या," तिनं एके दिवशी सांगितलं. "काय ना काय ठेवून गेला असंल."

नणंद आणि मी सकाळी निघालो. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मी तिला वन्सं म्हणायची. तिला बोलल्याशिवाय चालता येत नसे. त्या दिवशीही दोन कोस बोलत होती, दादा असा, दादा तसा. मी पायांखालची वाट बघत होते.

जिनाचं फाटक उघडंच होतं. आवारात गुडघाभर गवत. एक म्हातारा धनगर त्यात मेंढ्या चारत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं. आधी आम्ही रेच्यांच्या मोठ्या दालनात शिरलो. पत्रा एका कोपऱ्यात उडाला होता आणि त्याखाली सरकीचा ढीग पावसानं भिजून उगवला होता. आत, फरशीवर, वीतभर उंचीची कपाशीची रोपं, पांढुरकी, सगळी उजेडाकडे वाकलेली. "बघा वहिनी, बिननांगरता पीक आलं," नणंद म्हणाली. पुढचं दालन गाठी बांधायचं. एक अर्धी बांधलेली गाठ तशीच पडली होती आणि तिच्यात उंदरांनी घरं केली होती. मजुरांच्या खोल्यांत चुली आणि फुटकी मडकी. हापिसात टेबल होतं, खुर्ची नव्हती.

इंजनाची खोली मी शेवटी ठेवली होती. दाराला कुलूप नव्हतं. इंजन पुसून ठेवलेलं होतं, चाकावर तेलाचा हात फिरवलेला. चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि ते कुठेही तुटलेलं नव्हतं. खुंटीवर त्यांचा तेलकट पंचा होता. नणंदेनं तो काढून छातीशी धरला. मी खुंटीकडे बघत राहिले. पंचा टांगून माणूस जातं ते परत येण्यासाठीच, असं मनात आलं. दुसऱ्या क्षणी वाटलं, टांगला काय आणि टाकला काय.

बंगल्याच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. मागच्या दाराची कडी नुसती अडकवलेली होती. आत भर दुपारी काळोख. भिंत चाचपत आम्ही बैठकीत आलो. माझा हात त्या काळ्या बटणाला लागला. मी ते दाबलं नाही. बटण इथे आहे एवढंच मी म्हणाले असेन. नणंदेनं माझा हात बाजूला करून दाबलं.

दिवा लागला.

खोली रिकामी होती. भिंतींवर तसबिरी काढून नेल्याचे चौकोन, एक जड टेबल आणि एक मोठा आरसा, बहुतेक नेता आला नाही म्हणून राहिलेला. नणंदेनं आधी दिव्याला हात जोडले, सवयीनं, घरी दिवा लावल्यावर जोडतो तसे. "दादा हाय," ती म्हणाली. "वहिनी, दादा हाय. दिवा का आपोआप लागतो? कोणी तेलपाणी करून राहिलं असंल तवाच ना?"

मी मागच्या खोलीत गेले. खिडकीची एक फळी निसटलेली होती, तिथून उजेड येत होता. दोन्ही फळ्यांवर बरण्या तशाच ओळीनं होत्या. मी पहिल्या बरणीपाशी वाकले. पाणी खाली गेलं होतं. पाट्या दोन बोटं उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या कडांवर पांढरं साचलं होतं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. शेवटच्या बरणीपर्यंत गेले. सगळ्या सारख्याच. कोपऱ्यात तांब्यासारखी एक काचेची झारी पालथी घातलेली होती, तिच्याखाली धुळीचा एक कणही नव्हता, भोवती जाड थर होता.

ते जवळपास कुठे असते, लपूनछपून का होईना येत असते, तर दिवा नसता लागला तरी चाललं असतं, पण बरण्यांत पाणी त्यांनी घातलंच असतं. मला हे इतकं स्वच्छ कळलं की मला काहीच झालं नाही. दाणे निवडताना खडा हाती लागतो आणि आपण तो बाजूला टाकतो, तसं मी ते बाजूला ठेवलं.

बाहेर आले. "वन्सं, दिवा बंद करा, चला," मी म्हणाले. तिनं माझं मनगट धरलं. "माणूस बाहेर असताना दिवा मालवायचा न्हाई. तुमाला कोणी सांगितलं न्हाई का?" ही बिजली आहे, बरणीत भरलेली आहे, जळेल तेवढी संपेल, हे मला माहीत होतं. ते तिला सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागलं असतं. आम्ही दिवा तसाच ठेवून, दाराला कडी लावून निघालो.

घरी नणंदेनं उंबऱ्यातूनच सांगितलं. सासूनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "खरं का?" "दिवा लागला," मी म्हणाले. तेवढं खरंच होतं. त्या रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली, वरणात कुस्करून, सावकाश. मी पाणी पुढं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक खाल्ली.

मग रोज कुणीतरी जाऊन दिवा बघून यायचं असं ठरलं. नणंद आणि मी, कधी दोघी, कधी मी एकटी. गावात कुणाला बोललो नाही, नाहीतर दार नेणाऱ्यांनी बरण्याही नेल्या असत्या. रोज मी कडी काढायची, आत जायची, दिवा जळतोय हे बघायची, मग त्या उजेडात थोडा वेळ बसायची. हळूहळू त्या बंगल्याची मला सवय झाली. न्हाणीघरात जस्ताचा मोठा टब होता, त्यात पाली पडून मेल्या होत्या. एका कपाटात लहान मुलाचा एक बूट होता. एकदा नणंदेचा हात टेबलाच्या खाली एका बटणाला लागला आणि आतल्या स्वयंपाकघरात घंटा खणाणली. आम्ही दोघी ताठ झालो. पूर्वी जेवता जेवता मॅनेजरीणबाई ती दाबत असणार आणि आतून कुणीतरी पदार्थ घेऊन येत असणार. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभ्या राहिलो. कुणी आलं नाही. नणंदेनं पुन्हा ते बटण दाबलं नाही.

आरशात मी दिसायची. इतक्या उजेडात मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं. कपाळावर कुंकू होतं. गावातल्या बायका त्याच्याकडे बघून नजर वळवतात हे मला ठाऊक होतं. मी आरशातल्या बाईला विचारून बघितलं, तुला काय वाटतंय? तिला काही वाटत नव्हतं. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा तीही वाटली नाही.

एकदा एकटीच असताना मी त्या धनगराजवळ गेले. बाबा, तुमी कधीपासून हाय इथं, म्हणून विचारलं.

"म्या नागपंचमीपासून इथंच हाय, माय. वस्तीलाच."

"बंगल्याकडं कोणी येतं का? येतं-जातं?"

"तुमी दोघीच. त्याच्या आदी कुत्रं बी फिरकलं न्हाई." त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि मग मेंढ्यांकडे. "काहून, माय? कोणाला शोधून राहिली?"

मी न्हाई म्हणाले. हेही मी घरी सांगितलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळत होतं सासूचं आणि कळलेलं दाबून बसले होते मी. सासू रोज विचारायची, "लागून राहिलाय?" मी म्हणायची, "लागून राहिलाय." ती जेवायची. तिच्या पाटल्या पुन्हा मनगटाशी थांबू लागल्या. मला वाटायचं, चालतंय तोवर चालू दे. पुढं काय, हे मी ठरवलं नव्हतं. पुढचं काही ठरवायची ताकदच माझ्यात नव्हती.

अकराव्या दिवशी दिवा पिवळा दिसला. बाराव्या दिवशी तांबडा. आतली तार तेवढी दिसत होती, विझत आलेल्या बिडीसारखी, आणि भिंतींवर उजेड पडतच नव्हता. त्या दिवशी नणंद बरोबर होती. तिनं रस्ताभर एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर सासूनं विचारलं, "लागून राहिलाय?" मी व्हय म्हणायच्या आतच नणंद रडायला लागली.

सासूनं सगळं विचारून घेतलं. मग उठून आतल्या कोनाड्यातली बरणी काढली, वऱ्हाडातनं मांडीवर घेऊन आणलेली, तोंडाला फडकं बांधलेली. "त्याला पाणी पाहिजे असंल," ती म्हणाली. "उद्या म्या येते."

दुसऱ्या दिवशी ती दोन कोस चालली. बरणी आम्हाला घेऊ दिली नाही. चार ठिकाणी बसली, पण बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. बंगल्यात शिरल्यावर तिनं वर दिव्याकडे बघितलं. त्यात अगदी बारीक तांबूस रेघ होती, डोळे बारीक केले तर दिसणारी. तिनं हात जोडले नाहीत. "बरण्या कुठं हायेत?" म्हणाली.

मी तिला मागच्या खोलीत नेलं. न्यावंच लागलं. ती पहिल्या बरणीवर वाकली आणि बोट पुढं करून, काचेच्या बाहेरून, पाणी कुठे आहे ते बघितलं. मग पाटीची वरची कड बघितली. पाटी उघडी पडता कामा नये हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तिला वर्षानुवर्षं, दर पावसाळ्यात सांगितलं असणार. ती दुसऱ्या बरणीशी गेली, तिसऱ्या, शेवटच्या. मी जशी गेले होते तशीच.

"पहिल्या दिशी बी असंच होतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तू बघितलंस."

"व्हय, आत्याबाई."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी जेवायला लागल्या होत्या."

नणंद दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि तिलाही ते कळलं. सासूनं बरणीचं फडकं सोडलं. पालथी झारी उचलली, पदरानं पुसली, आणि एकेका काचेच्या बरणीत पाणी घालू लागली. थेंबही सांडू दिला नाही. पाटी झाकली गेली की बोटभर वर येईपर्यंत, आणि मग पुढची. पाण्यानं दिवा पेटत नाही, त्याला इंजन फिरवावं लागतं, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. निम्म्या बरण्या भरल्या आणि तिचं पाणी संपलं. उरलेल्या तशाच उघड्या राहिल्या.

"आता बंद कर," ती मला म्हणाली.

मी बैठकीत गेले. ती बारीक रेघ अजून होती. त्यांनी ज्येष्ठात की आषाढात, कधीतरी शेवटचं इंजन फिरवून ठेवलेली बिजली, एवढीच राहिली होती. बाकी आम्ही बारा दिवसांत रात्रंदिवस जाळली होती. मी बटण दाबलं. ते दाबताना जो टक असा आवाज होतो, तो झाला.

येताना रिकामी बरणी मी घेतली होती, सासूनं घेऊ दिली. घरी आल्यावर तिनं स्वतः चूल पेटवली आणि पीठ मळलं. बोटांचा अंदाज तिचा ठरलेला होता, भाकऱ्या चारच झाल्या. चवथी तव्यावरून काढली आणि तिचा हात सवयीनं दुरडीकडे गेला. तिथे थांबला. मला वाटलं, आता ही ताकाची वाटी घेऊन उठणार. महिनाभर मी ज्याला भीत होते ते हेच होतं.

तिनं ती भाकरी मोडली. तीन वाटे केले, सारखे आहेत का ते बघितलं, आणि एकेक आमच्या ताटात टाकून तिसरा आपल्या ताटात घेतला.

"जेवा," ती म्हणाली, आणि पहिला घास तिनंच घेतला.